पुढच्या चाकांची ताकद

समोर माणूस आला की ते आधी त्याचे पाय बघत. मी सौंसरच्या शाळेत नवा नवा लागलो होतो आणि खोली शोधत त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. नाव, गाव, पगार यांतलं काहीही न विचारता त्यांनी मला अंगणातल्या विहिरीपर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. मी गेलो आणि आलो. "डावा पाय जरा घासते तुमचा," ते म्हणाले, "पण जनावर भरवशाचं दिसते. राहा." आतून त्यांच्या बायकोचं हसणं ऐकू आलं आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. त्या घरात मला खोली मिळाली ती अशी.

ते सरकारी ढोरडॉक्टर होते. नोकरी पांढुर्ण्याला आणि घर सौंसरला, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ बसचा प्रवास. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागची जागा धरत, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत आणि मधेच ड्रायव्हरला त्याच्या गाडीची तब्येत सांगत. ते बसमध्ये चढले की ड्रायव्हर लोक कपाळाला आठ्या घालत. माणसांशी त्यांचं बोलणं जेमतेम होतं, पण बैलाशी, कुत्र्याशी, सायकलीशी, विहिरीवरच्या मोटरपंपाशी ते मनमोकळं बोलत. मोटरपंप बंद पडला तर आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवीत आणि मग पाना शोधायला जात.

दुसरी खोड म्हणजे चांगली वस्तू वापरायची नाही. घरात नवा रेडिओ होता, तो खोळीत. नव्या कपबश्या होत्या, त्या कपाटात. नोकरीत बक्षीस मिळालेली घोंगडी तिच्या कागदासकट पेटीत. आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचो आणि कपाटाच्या काचेतून नव्या कपांकडे बघायचो. अडीअडचणीला कामी येतील, असं त्यांचं म्हणणं. कपाची अशी कोणती अडचण येणार होती, ते मला कधी कळलं नाही. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचो. काकू म्हणायच्या, "भाऊ, लग्न झालं तेव्हा यायनं मलेही पेटीतच ठेवलं असतं, पण सैपाक कोण करन म्हणून बाहेर ठेवलं."

काकूंना दमा होता. थंडीत आणि पावसाळ्यात तो जोर करायचा. रात्र रात्र उशीला उशी लावून बसून काढायच्या, आणि सकाळी काहीच झालं नाही अशा थाटात चुलीपुढे हजर. माझ्यावर त्यांनी फार माया केली. मी घरचा डबा घेतल्याशिवाय शाळेत गेलो, असं त्यांच्या घरात एकदाही झालं नाही.

आता जीपची गोष्ट. बोरगावच्या पुढे, एका नाल्यापलीकडे, डॉक्टरांची संत्र्याची बाग होती. झाडं त्यांनी स्वतः लावलेली. रिटायर झाल्यावर बागेत घर बांधून राहायचं हे त्यांचं एकच स्वप्न, आणि त्या स्वप्नात तो नाला आडवा होता. नाल्यावर पूल सोडाच, साधा रपटाही नव्हता. उन्हाळ्यात त्यात गोट्यांशिवाय काही नसे, पण पाऊस लागला की दोन्ही काठांची काळी माती अशी काही लोण्यासारखी व्हायची की बैलबंडी आसापर्यंत रुतून बसायची. नाल्याच्या अलीकडे पक्की सडक, पलीकडे बाग. काकूंनी शांतपणे एक अट घातली होती. बागेत राहायला त्या एका पायावर तयार होत्या, पण दम्याचा झटका आला तर भर पावसात तिथून बाहेर काढील असं काहीतरी आधी दारात उभं पाहिजे. बंडीवर बसून दवाखान्यात जायला त्यांचा साफ नकार. "बंडी सौंसरले पोचंन, तवर मी कुठल्या कुठं पोचंन," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यात चेष्टा अजिबात नव्हती.

म्हणून चारही चाकांना ताकद असलेली जीप हवी होती. नवी घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणजे जुनी. मिलिटरीनं लिलावात काढलेल्या, ज्यांना सगळे डिस्पोजलच्या जीपा म्हणत, त्या तेव्हा नागपूरकडून आमच्या भागात येत असत. अट दुहेरी होती. तिनं रोज पांढुर्ण्याची सडकही धरली पाहिजे आणि वेळ आली तर नालाही चढला पाहिजे. सडकेवर चांगली पळणारी गाडी चिखलात बसते आणि चिखलातली गाडी सडकेवर कुरकुरते, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक. त्यांना दोन्ही गुण एकाच जनावरात हवे होते.

दर रविवारी आम्ही जीप बघायला निघायचो. मला मोटारीतलं काही कळत नव्हतं, आजही कळत नाही, पण काकू दोघांचा डबा बांधून द्यायच्या आणि रविवारी मला दुसरा उद्योग नव्हता. जीपपुढे गेल्यावर डॉक्टर आधी दूर उभे राहून तिला नुसतं बघत. मग मालकाला ती चालवायला लावून स्वतः तिच्यामागून पायी चालत, कुठल्या पायानं लंगडते ते बघायला. मग उकिडवं बसून एकेका चाकाला आतून हात लावत, तेल बोटावर घेऊन वास घेत आणि शेवटी कपडे-बिपडे काही न बघता तिच्या पोटाखाली उताणे आडवे होत. खालून त्यांचा आवाज येई. तो आवाज ऐकून मालक माझ्याकडे बघे आणि मी आभाळाकडे.

पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची जीप त्यांनी पाठ बसलेली म्हणून सोडली. गठाणी वाहून वाहून तिच्या स्प्रिंगांचे पाटे खचले होते. नागपूरला एका दलालाकडे हिरवा रंग चकचकणारी उभी होती. तिला त्यांनी हातही लावला नाही. म्हातारा बैल रंगवून बाजारात आणणारे आपण आयुष्यभर पाहिले, असं त्या दलालाला तोंडावर सांगून वळले. त्याच दलालानं मागे बोलावून दुसरी दाखवली, ती त्यांना थोडी पटली, तर ढोरांच्या बाजारातल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा स्वतःच्या हातावर टाकला आणि कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायला दलालाचा हात धरला. दलाल शहरी माणूस. त्यानं हात झटकून घेतला आणि आरडाओरडा केला. परतीच्या बसमध्ये डॉक्टर अगदी सुन्न बसून होते. मी हसत होतो, हे कबूल.

कुठल्या जीपला पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा खालचा शाफ्टच काढून टाकलेला, कुठलीचं इंजिन बदललेलं, कुठली चढावर धापा टाकणारी. एकदा काकूंनी विचारलं की एवढ्या साऱ्यांत एकही चालण्यासारखी नव्हती का. त्यावर ते म्हणाले, "तुह्या जिवाचा सवाल आहे. तुले मी कोणत्याही गाडीत नाही बसवणार." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या माणसाचं बायकोवर प्रेम होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. अशी दोन-तीन वर्षं गेली. तोवर गावात 'डॉक्टरसाहेबांची जीप' हा चेष्टेचा विषय झाला होता. कोणाच्या मुलीचं लग्न लांबलं की लोक म्हणत, डॉक्टरांची जीप येईल तेव्हा वरात निघेल.

आणि एक दिवस जीप सापडली. पांढुर्ण्याजवळच्या एका वीटभट्टीच्या आवारात ती धूळ खात उभी होती, मागच्या बाकावर कोंबड्या बसायच्या. डॉक्टर तिच्या पोटाखालून बाहेर आले ते हसतच. पहिल्या पावसानं नाला चिखलानं भरला तेव्हा त्यांनी ती मालकाच्या ड्रायव्हरसकट तिथं आणून उभी केली. काकूंनी हट्ट धरला की परीक्षा आपल्यासाठी आहे, तर आत आपणच बसणार. ड्रायव्हरनं गिअरच्या बाजूचा छोटा दांडा मागे ओढला, पुढच्या चाकांत जोर आला आणि जीप नाला उतरून, डबक्यातली म्हैस उठते तशी सावकाश पलीकडच्या काठावर चढली. मी काठावर टाळ्या वाजवल्या. काकू खाली उतरेनात. "आणखी एकदा," म्हणाल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या, चेहरा लहान मुलीसारखा. मग नवऱ्याला म्हणाल्या, "चला. सामान बांधायले घेतो मी." डॉक्टरांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

त्या दिवसानंतर त्यांनी पुढच्या चाकांचा तो दांडा एकदाही ओढला नाही.

काकूंकडून त्याला जुन्या लुगड्याची छोटी टोपी शिवून घेतली आणि वरून दोरी बांधली. पांढुर्ण्याला रोज स्वतः चालवत, नुसत्या मागच्या चाकांवर जात, सडक छान होती, काही अडत नव्हतं. बागेकडे जायचं तर जीप सडकेला उभी करून, पायजमा गुडघ्यावर घेऊन, चिखल तुडवत नाला ओलांडत. चिखलासाठी घेतलेली जीप सडकेवर आणि मालक चिखलात, हे बघून बागेशेजारचा शामराव हसून हसून वाकडा व्हायचा. शामराव म्हणजे पलीकडच्या शेताचा मालक, बैलांचा शौकीन, डॉक्टरांना देव मानणारा. मीही एकदा डॉक्टरांना छेडलं की हा दांडा काय म्युझियममध्ये ठेवणार आहात का. ते गंभीरपणे म्हणाले, "ताकद रोज वापरली मास्तर, का ते रोजची होऊन जाते. हे हिच्यासाठी राखून ठेवली आहे." आणि मान काकूंकडे वळवली. त्यांना वाटत होतं, वापरली नाही म्हणजे ती तेवढीच्या तेवढी आत भरलेली राहील, कपाटातल्या कपांसारखी.

रिटायर झाल्यावर, उन्हाळ्यात, दोघं बागेत राहायला गेले. जीप कोरड्या नाल्यातून आरामात पलीकडे गेली आणि घरापुढे उभी राहिली. मी त्यांच्या सौंसरच्या घरातच भाडेकरू राहिलो आणि सुट्टीच्या दिवशी सायकलनं बागेत जाऊ लागलो.

पोळ्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. पोळ्याच्या बाबतीत डॉक्टर फार कडक. आदल्या दिवशी, बैलांचे खांदे शेकतात त्या खांदशेकणीला, घरोघरी जाऊन बैलांच्या खांद्यांवरची झूल उचलून जखमा बघत, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू दिसता कामा नये, हा त्यांचा कायदा. पूर्वी एकदा सौंसरच्या सडकेवर ऐन पोळ्याला कोणा व्यापाऱ्याची भरलेली बंडी चालली होती, तर ह्यांनी बैल सोडून दिले आणि जू हातात धरून संध्याकाळपर्यंत सडकेच्या मधोमध उभे राहिले. ही गोष्ट त्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत होती.

त्या वर्षी पोळ्याआधी काही दिवस पावसानं झोड उठवली होती. सायकल सडकेवर टाकून मी नाला पार केला तेव्हा चप्पल चिखलातच राहिली. घरात ओल, ओली लाकडं, चुलीचा धूर आणि काकू पुरणपोळ्या करत बसलेल्या. मी त्यांना उठा म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. दुपारी शेवटची पोळी तव्यावर असतानाच त्यांचा श्वास अडकला. असा झटका मी त्यांना कधी आलेला पाहिला नव्हता. घरातली औषधं देऊन झाली, ओठ निळे पडत चालले. डॉक्टर मात्र घाबरलेले नव्हते. "काही नाही, काही नाही," म्हणत त्यांनी पेटीतली ती घोंगडी काढली, तिचा कागद फाडला, काकूंना गुंडाळून मागच्या बाकावर बसवलं. मी त्यांना धरून बसलो.

जीप नाल्यात उतरली आणि मधोमध मागची चाकं गरगर फिरायला लागली. डॉक्टरांनी इंजिन मंद केलं, मागे वळून काकूंकडे बघून जरासं हसले, दांड्याची दोरी सोडली, टोपी काढून नीट घडी घालून खिशात ठेवली आणि दांडा ओढला.

दांडा हलला नाही. पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी, मग पाय देऊन. एवढ्या दिवसांत आतल्या आत तो गंजून बसला होता. डॉक्टर पाना-हातोडी घेऊन खाली उतरले आणि चिखलपाण्यात जीपच्या पोटाखाली शिरले. खालून ठोकण्याचा आवाज येत राहिला. प्रत्येक ठोक्याला जीप थोडी हादरे आणि काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर आपटे.

सडकेकडच्या काठावर पोळ्याला निघालेली माणसं थांबली. शामराव आपली जोडी घेऊन पुढे आला. बैलांची शिंगं रंगवलेली, बेगड लावलेली, अंगावर नव्या झुली. त्यानं काकूंकडे पाहिलं आणि वाकून जीपखाली विचारलं, "साहेब, बैल जुपू का जी?"

ठोकणं थांबलं. खालून आवाज आला, "आज पोळा आहे, शामराव."

त्यानंतर काठावरच्या कोणी तो विषय काढला नाही. माणसं चिखलात उतरली, मागून खांदे लावले. जीप हलेना. काकू मला एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "भाऊ... त्यायले सांगा... बैलं लावा म्हणा." दवाखान्यात कधी बंडीनं जाणार नाही म्हणणारी ती बाई. मी ओरडून सांगितलं. खालून उत्तर आलं, "पडून राहिला आता गेर, आता पडते." पुढच्या चाकांचा गिअर पडावा म्हणून परत ठोकणं. मी दुसऱ्यांदा सांगितलं, शिवी देऊन सांगितलं. "आता पडते." किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी शामरावनं कोणालाही न विचारता बागेतून खाट आणली, आम्ही चौघांनी काकूंना खाटेवर घेतलं आणि सडकेकडे निघालो. डॉक्टर तेव्हाही खालीच होते. सडकेवर पोचून एक ट्रक थांबवला. त्यात खाट चढवताना काकूंचा हात खाली लोंबकळला आणि शामरावनं तो उचलून त्यांच्या छातीवर ठेवला, तेव्हा मला समजलं.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात ती जत्रा. अर्धी माणसं तिकडे गेलेली, त्या बाजूच्या बसगाड्या बंद, डॉक्टरांच्या दवाखान्यातले लोक येऊ शकले नाहीत. इतक्या मायेच्या बाईला खांदा द्यायला मोजकी माणसं होती. डॉक्टरांच्या नखांत अजून काळं तेल आणि चिखल होता, आणि विधी सांगणारा माणूस हात धुवा म्हणाला तेव्हा त्यांनी ते ऐकलं नाही. जीप त्याच संध्याकाळी शामरावच्या बैलांनी बाहेर काढली. फार जोर लावावा लागला नाही म्हणे.

मी डॉक्टरांवर भयंकर संतापलो होतो. बागेत जाणंच सोडलं. पण आजूबाजूच्या गावांत वेगळंच सुरू झालं. बायको डोळ्यांदेखत गेली, पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवू दिलं नाही, अशी त्यांची कीर्ती पसरली. बायाबापड्या त्यांना वाकून नमस्कार करायला लागल्या. आमच्या शाळेत एका गुरुजींनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. पुढच्या पोळ्याला गावानं बैलांच्या रांगेपुढे बांधलेलं तोरण तोडायचा मान त्यांना दिला, जो पाटलाच्या घराबाहेर कधी गेला नव्हता. हे सगळं ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याच्याही पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघण्याआधी, पोळा जवळ आला असताना, न राहवून मी बागेत गेलो. ते ओसरीवर बसले होते, कपाटातल्या नव्या कपातून चहा पीत. मलाही तसाच कप दिला. खूप म्हातारे दिसत होते. त्यांच्या तब्येतीची चौकशी करायच्या ऐवजी मी मनातलं ओकलो. म्हटलं, एक दिवस बैल जुपले असते तर कोणता देव कोपणार होता?

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "बैलाचं नाव कायले घेता मास्तर. पोळा-बिळा काही नव्हता माह्या मनात. तोंडातून निघाला, बस. मी तिच्यासाठी वर्षंच्या वर्षं गाडी शोधली. साऱ्या मुलखाले माहीत. आन् शामराव बैल घेऊन समोर उभा. बैलानं ओढून काढली असती, तं मंग मी काय आणलं होतं तिच्यासाठी? मी म्हटलं आता पडते गेर. आता पडते. तिची हाक आयकू येत होती मले."

माझा राग तिथल्या तिथं विझला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. मी कसंबसं म्हटलं की मग हे लोकांना सांगून का टाकत नाही.

"सांगतलं ना. शामरावले सांगतलं, जसं तुमाले सांगतलं तसंच. तो रडला. माह्या पायावर डोकं ठेवलं आन् म्हणे, साहेब, तुमचं मन मोठं म्हणून तुमी असं बोलता." त्यांनी कप खाली ठेवला. "ह्याही पोळ्याले तोरण तोडायले बोलावून राहिले."

"जाणार?"

"जातो. नाही गेलो तं आणखीन मोठं करतीन मले."